मेंढ्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

माझ्या थोरल्या मावशीसमोर ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सांगायची सोय नाही. आमच्या घरातली पोरं या गोष्टीवाचूनच वाढली आणि त्यांचं काही बिघडलं नाही.

लहानपणी मावशी पक्की थापाडी होती. ‘आग, आग’ ओरडून तिने दोनदा आजोबांना जिना चढायला लावला आणि पोट धरधरून हसली. तिसऱ्यांदा पडदा खरंच पेटला. आजोबा खाली पेपर वाचत होते, ते जागचे हलले नाहीत. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. पुढे घरी कोणी आलं की आजोबा तो हात पुढे करायला लावून तात्पर्य सांगायचे. जरा मोठी झाल्यावर एकदा तिने पाहुण्यांसमोरच त्यांना ऐकवलं, “खोटं बोलले ती माझी चूक, बाबा. वर आला नाहीत ती तुमची. आणि त्या मेंढ्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?” त्यानंतर तो हात कुणाला दाखवला गेला नाही.

अशी बाई अग्निशमन केंद्रात फोनवर बसली, यात मला तरी नवल वाटत नाही. त्या खुर्चीवर तिचा जीव होता. घरातला फोनसुद्धा ती दुसरी घंटा होऊ द्यायची नाही.

एक एकटी राहणारी म्हातारी तिथे वरचेवर फोन करायची. घरात धूर झालाय, लवकर या. गाडी जायची, तर धूर नाही नि काही नाही, आजीबाई विचारायच्या, चहा टाकू का? जवान वैतागले. शेवटी साहेबांनी सगळ्यांदेखत मावशीला तीच गोष्ट सांगितली. जगात दुसरी गोष्टच नसावी.

“पुन्हा तिच्यासाठी गाडी पाठवलीत तर फोन सोडायचा आणि सामानाच्या खोलीत पाइप गुंडाळत बसायचं,” साहेब म्हणाले. “तेवढ्यात दुसरीकडे खरी आग लागली म्हणजे?”

“दुसरी गाडी काय शोभेला ठेवलीय, साहेब?”

आठवड्याच्या आतच म्हातारीचा फोन आला. मावशीने गाडी पाठवली. या वेळी आग खरी होती असं सांगायला मला फार आवडलं असतं, पण नव्हती.

साहेबांनी खोलीकडे बोट दाखवलं. मावशीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “ती खोटं बोलली, ते तिचं तिच्यापाशी. गाडी अडवली असती तर ते माझ्यावर आलं असतं. आणि भाजलेला हात माझ्याकडे एक आहे, तेवढा पुरे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी परत तोच नंबर. खुर्चीतल्या नव्या मुलीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. शेजारच्या खोलीत पाइप जमिनीवर आपटला. मावशी बाहेर आली, दोघांच्या मधून तिने डावा हात घातला आणि गाडी सोडायच्या घंटेचं बटण दाबलं.

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग उरलेले पाइप गुंडाळायला गेली.