दर रविवारी एक तांब्या पाणी

आमच्या घरात रविवारी सकाळी गाडीची परेड असायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, एकवीस वर्षं फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी परत आले, तरी सवय गेली नाही. बॉनेट उघडायचं, ऑइलची काडी ओढून फडक्याला पुसायची, टायरला लाथ मारून बघायची आणि शेवटी बोअरचं तांब्याभर पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं. झाकण आवळताना म्हणायचे, "भागली हिची तहान."

तिथंच माझं डोकं फिरायचं. दर आठवड्याला हिला तहान लागतेच कशी? इंजिन थंड ठेवणारं पाणी तिथल्या तिथं फिरत असतं. आठवड्याला तांब्याभर कमी होत असेल तर ते कुठंतरी गळतंय, नाहीतर आत जळतंय. मी केमिस्ट्रीची पदवीधर आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण घरात त्या पदवीचा उपयोग एवढाच, की पाहुणे आले की भिंतीवरचा काळ्या गाऊनमधला फोटो दाखवायचा.

"आण्णा, हे पाणी जातंय कुठं?"

"इंजान पितंय."

"इंजिन पेट्रोल पितं, पाणी नाही."

"आगं, मी बर्फात तीन टनी गाड्या चालीवल्यात. मला शिकिवतीस व्हय?"

बरं, पाणी तरी कसलं? आमच्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो. आई चिंच लावून तो घासते. तोच थर गाडीच्या नळ्यांत बसणार, तिथं चिंच घेऊन कोण जाणार? हेही मी सांगितलं. आण्णा हसले आणि आईला म्हणाले, "बघ, हिला आता गाडीबी घासायची हाय."

त्याआधी, रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी घालायचं कंपनीचं कूलंट थोडं शिल्लक होतं तेव्हा, गाडी बंद केली की गोडसर वास यायचा. उकळत्या काकवीसारखा. दुसऱ्या मुलखात कुणीही बॉनेट उघडून बघितलं असतं. आमच्याकडं आण्णांनी काचेतून शेताकडं बघितलं आणि म्हणाले, "कुणाचं तरी गुऱ्हाळ पेटलंय." जून महिना होता. जूनमध्ये कुणाचं गुऱ्हाळ पेटतं?

मी स्वतः गाडी गॅरेजला नेली. पाइपाच्या जोडावर गळून वाळलेल्या पाण्याची पांढरट खपली धरली होती, तिच्यावर बोट ठेवून दाखवलं. मेकॅनिकनं मान हलवली आणि म्हणाला, "ताई, आण्णांस्नी पाठवा की. त्यांच्या हातची गाडी हाय." मग माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. आण्णांनी सांगितलं, मी बघतो. आणि गाडी घरी आल्यावर त्यांनी तो जोड तारेनं आवळला.

अशात शिरवळच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं पत्र आलं. प्रयोगशाळेतली जागा, कायमची. तीन वर्षं मी घरच्या ओसरीवर शिकवण्या घेत होते, या एका पत्रासाठी. अकरा वाजता पोचायचं होतं. मी म्हटलं, एसटीनं जाते. आण्णा चिडले. "दारात गाडी हाय आन् पोरगी एसटीनं जाणार? लोक काय म्हणतील?"

गाडी मी चालवत होते, ते शेजारी. सातारा मागं पडेपर्यंत सगळं ठीक होतं. खंबाटकीच्या घाटात बोगद्याकडचा चढ लागला आणि इंजिनची उष्णता दाखवणारा काटा हलायला लागला. आधी निम्म्यावर, मग तांबड्याजवळ.

"आण्णा, काटा चढतोय."

"चढाला चढतोयच. एसी बंद कर."

एसी बंद केला. उलट गरम हवेचा हीटर पूर्ण सोडला, इंजिनची उष्णता आत ओढली जावी म्हणून. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात तसं लिहिलं होतं, आणि ते पुस्तक आमच्या घरात मी एकटीनं वाचलं होतं. पण हीटरमधून गार हवा यायला लागली. मला ते विचित्र वाटलं, तेवढ्यात काटा धपकन खाली आला. पार तळाला.

"बघा, उतरला!" मी म्हटलं. खरंच आनंद झाला होता मला.

आण्णांनी कान बॉनेटकडं केला. "थांबीव."

"आता? सव्वादहा वाजलेत."

"आवाज बदाललाय. थांबीव म्हंतो न्हवं!"

वर्षभर मी सांगत होते तेव्हा ऐकलं नाही, आणि आता मला थांबवतात. मी थांबले नाही. दोन वळणं गेली असतील. टकटक मोठी झाली, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी चढावर मेली.

आण्णा उतरले आणि ओला टॉवेल घेऊन थेट रेडिएटरच्या झाकणाकडं गेले. मी ओरडले, "हात लावू नका! तोंडावर उडेल सगळं!" ते मागं सरले. मग रस्त्यात जाऊन, फौजेत ताफा अडवावा तसा हात उभा करून, त्यांनी कोबीची एक पिकअप थांबवली. ड्रायव्हरला म्हणाले, "भावा, हिला शिरवळला सोड. हिचं लय महत्त्वाचं काम हाय." हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही कोबीवाल्याला सांगितलेलं.

साडेबारा झाले पोचायला. पिकअपवाल्याला आधी कोबी उतरवायचा होता. कारखान्यातल्या बाई म्हणाल्या, "गाडी बंद पडली हे आज तिसऱ्यांदा ऐकतेय. यादी बंद झाली. जागा निघाली तर कळवू."

गाडी टोचन करून, दुसऱ्या गाडीनं ओढत, गॅरेजला आली. इंजिनचं हेड उघडल्यावर मेकॅनिक आण्णांना हाक मारायला लागला. आण्णा म्हणाले, "मला नगं. हिला दाव." आत पातेल्यासारखाच पांढरा थर होता, नखानं निघेना. मी विचारलं, काटा मग खाली कसा आला? मेकॅनिक म्हणाला, "ताई, काटा पाण्याची उष्णता मोजतो. पाणीच संपल्यावर काय मोजंल?"

हीटरही त्याच पाण्यानं तापतो. म्हणजे गार हवा आणि पडलेला काटा, दोन्ही एकच सांगत होते, पाणी संपलंय. पुस्तक वाचलेल्या मला ते कळलं नाही, आण्णांना नुसत्या आवाजावरून कळलं. तेव्हा थांबले असते तर इंजिन वाचलं असतं. नोकरी तशीही गेलीच असती. ती घाटात गेली नाही, ती एकेका रविवारी तांब्या-तांब्यानं गेली. हे मी आण्णांना बोलून दाखवलेलं नाही. राग मात्र अजून आहे, त्यांच्यावरही आणि स्वतःवरही.

इंजिन बदलून गाडी परत आली, परेड अजून होते. तांब्या आता स्वयंपाकघरात असतो. बॉनेट उघडून आण्णा मला हाक मारतात, "ये गं, बघ. रेघंवर हाय का?"

मी वाकून बघते. डब्यात हिरवं कूलंट असतं, वरच्या रेघेला टेकलेलं. शिरवळचा फोन काही आलेला नाही. "आहे," मी म्हणते, आणि बॉनेट मीच पाडते.