हरण्याची झूल मशीनमधी

बैलाची झूल वॉशिंग मशीनमध्ये धुवायची, ही कल्पना माझी होती. घरात दुसऱ्या कुणाला असलं सुचतच नाही.

त्याचं असं झालं. आमचं गाव कळमनुरीकडचं. गावात पोळ्याचा मान चार भावक्यांत फिरतो. ज्याच्या घरी मान, त्याची बैलजोडी सगळ्यांच्या पुढं. तोरणाखालून पहिली तीच जाणार, मारुतीसमोर बैलांची मंगलाष्टकं झाली की पहिला नारळ तिच्यापुढंच फुटणार. मागच्या खेपेला मान आमच्याकडं आला, तेव्हा नेमकं आदल्या दिवशी आमच्या एका बैलाचं पोट फुगलं आणि दादांना (म्हणजे माझ्या वडलांना) दुसऱ्याच्या बैलांमागं टाळ्या वाजवत चालावं लागलं. दादा ते विसरले नाहीत, आणि आम्हालाही विसरू दिलं नाही. यंदा मान फिरून आमच्या दारात आला, तसे दादा महिनाभर बैलांशी माणसासारखं बोलत होते आणि माणसांशी बैलासारखं.

आता आमचे बैल म्हणजे हरण्या आणि माणक्या. त्यांच्या झुली माझ्या मायनं स्वतः शिवलेल्या. तांबडा काठ, मधी आरसे, कडेनं कवड्यांची रांग. माय गेल्यापासून दादा त्या पेटीत ठेवतात, पोळ्यालाच काढतात आणि काढताना आधी डोळ्यांना लावतात. त्यांना हात लावायची घरात कुणाची बिशाद नाही. मी लावला! आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळून झाले आणि मला हौस आली, की हरण्याला झूल कशी दिसते ते जरा टाकून तर बघू. टाकली. हरण्यानं अंग झाडलं. झूल थेट शेणात पडली, आणि तूप-हळदीच्या हातानं मी ती उचलली. दादांनी बघायच्या आत गुंडाळून कडब्यामागं दडवली.

सकाळी दादा बैलं धुवायला नदीवर गेले आणि मी कामाला लागलो.

मशीन आमच्या वैशूनं पाठवलेली. पोरगी पुण्याला नोकरी करते. समोरून तोंड असलेली, काचेच्या दाराची मशीन! आली तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं. पहिल्या दिवशी आम्ही टीव्ही बंद करून कपडे फिरताना बघत बसलो. आणि यंत्रातलं घरात कुणाला कळत असेल तर मला. मी बोअरची मोटार खोलून परत जोडलेला माणूस आहे. (दोन बोल्ट उरले होते. मोटार अजून चालते.)

"अहो, झूल हाय ती! हातानं धुवा," आमची कांता म्हणाली.

"हातानं धुतली तर वाळंल कवा? मिरवणूक दुपारच्याला निघती. मशीन पिळून पार कोरडी करून देती. तासाभराचं काम!"

"अन् काही झालं तर?"

"काय होतंय? मी हाय ना!"

"म्हणूनच म्हणून राहिले," ती म्हणाली आणि पुरणाचं बघायला गेली.

घुंगरं तेवढी मी काढून ठेवली. झूल आत कोंबली, पावडर टाकली, बटण दाबलं. धुणं झकास झालं. काचेमागं आधी शेणाचं पाणी, मग हळदीचं, मग काठाचा तांबडा रंग सुटून पार गुलाल! कवड्या खुळखुळत होत्या, मी टाळ धरल्यासारखा ताल धरला होता. मग पिळायची वेळ आली. मशीननं 'घुर्र' केलं, अर्धा वेढा घेतला आणि थांबली. उलटीकडून 'घुर्र' केलं, धाडकन आवाज आला आणि पुन्हा थांबली. पडद्यावर आकडा होता नऊ. नऊ मिनिटं राहिली. मी चहा पिऊन आलो, तरी नऊच. कांता पुरण वाटून आली, तरी नऊच!

"आमची घड्याळं चालून राहिली, तुमचं काहून थांबलं?" कांतानं विचारलं.

"लाईट कमी असंल," मी म्हणालो. आपल्याकडं काहीही बिघडलं की लाईटवर ढकलता येतं, ही मोठी सोय आहे. मी मशीन बंद केली, मोटारीच्या स्टार्टरला मारतो तशी बाजूनं एक थाप मारली आणि चालू केली. मशीन सगळं विसरली! पहिल्यापासून पाणी भरायला लागली. भरता भरता आमच्या टाकीतलं पाणी संपलं. आता झूल पुन्हा चिंब, मशीन अर्धी भरलेली, दार कुलूप लावल्यासारखं बंद आणि न्हाणीत हात धुवायला थेंब नाही.

एवढ्यात शेजारचा बबन आला. बबन ट्रॅक्टर चालवतो, त्यामुळं त्याचं जगातल्या सगळ्या यंत्रांबद्दल एकच मत असतं.

"अण्णा, बेल्ट गेला."

"बघायच्या आधीच?"

"आवाजावरून सांगून राहिलो ना! बेल्टच."

त्यानं स्वतःच्या टाकीचा पाइप ओढून आणून आमच्या टाकीत सोडला, तेवढे उपकार मानायला पाहिजेत. पण त्यानंतर तो म्हणाला, "मशीन जरा पुढून उचलून धरू, म्हंजे बेल्ट जाग्यावर बसतो." बसतो म्हणतोय तर बसेल! आम्ही दोघांनी पुढून उचलली, खाली वीट सरकवली आणि पिळायचं बटण दाबलं. मशीन चालायला लागली. म्हणजे खरोखर चालायला लागली! वीट मागं टाकून, धडाडधूम करत ती न्हाणीतून निघाली ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली.

"अहो, पुरणाकडं येऊन राहिली!" कांता परात उचलून मागं सरली.

बबननं मशीनला मिठी मारली. मी पिन ओढली. पडद्यावरचे नऊ तेवढे विझले.

शेवटी वैशूला फोन लावला. बापानं लेकीला विचारायचं म्हणजे अवघडच, पण नदीकडून बैलांच्या घंटांचा आवाज येतोय असं मला सारखं वाटत होतं. कांतानं मोबाईल मशीनसमोर धरला.

"बाबा, आत काय टाकलंय?" वैशूनं विचारलं.

"कपडे," मी म्हणालो.

"कसले?"

"बैलाचे," बबन म्हणाला.

वैशूनं तो शब्द स्वतःशी एकदा म्हणून बघितला. मग वैशू म्हणाली, "बरं. खाली उजव्या कोपऱ्यात छोटं झाकण आहे बघा. त्यात फिल्टर असतो. तो अडकला की पाणी जात नाही. तो फिरवून काढा..."

मी फिरवला.

"...पण आधी खाली मोठं ताट ठेवा," वैशू म्हणाली.

ही पोरगी वाक्याचा महत्त्वाचा भाग नेहमी शेवटी ठेवते. आईवर गेलीय! भोकातून तांबड्या पाण्याची धार निघाली ती सरळ माझ्या छातीवर. पोळ्यासाठी घातलेला माझा पांढराशुभ्र नवा शर्ट, पांढरा पायजमा, मिशा, सगळं तांबडं झालं. बबन मदत सोडून हसत होता. फिल्टरमधून निघाल्या तीन कवड्या, दादांची हरवलेली अडकित्त्याची साखळी आणि कांताच्या ब्लाऊजचे हूक.

"सापडला रोग!" मी गरजलो. अंगावरून पाणी निथळत होतं, पण मी डॉक्टरसारखा उभा राहिलो. फिल्टर बसवला, पिन घातली, बबननं मशीनला पुन्हा मिठी मारली, मी बटण दाबलं. घुर्र. धाडकन. नऊ.

खरं सांगतो, तेव्हा मात्र माझं अवसान गेलं. मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो. मायनं एकेक आरसा बसवताना बोटाला टोचून घेतलेलं मी लहानपणी बघितलंय. दादांनी कितीतरी वर्षं या एका दुपारची वाट बघितली होती. आणि मान मिरवायचा बैल उघड्या पाठीनं जाणार, कारण त्याची झूल माझ्या हौसेपायी मशीनच्या पोटात अडकून पडली होती. मला रडायला आलं. (तोंड आधीच ओलं होतं, म्हणून कुणाला कळलं नाही.)

आणि या वेळी घंटा खरोखरच वाजल्या. दादा दारात उभे. मागं अंगणात दोन्ही बैल न्हाऊन लख्ख. दादांनी ओली फरशी बघितली, तांबडा मी बघितला, मशीनच्या गळ्यात पडलेला बबन बघितला. मग ते वाकून काचेतून आत बघायला लागले.

"हरण्याची झूल हाय ना ती?"

"व्हय दादा."

"धुऊन राहिला?"

"व्हय." आता माझाच पोळा होणार, हे मी धरून चाललो होतो.

"मग माणक्याची कुठंय?"

मला कळेना. "माणक्याची? ती पेटीत हाय. ती घाण न्हाई झाली."

"काहून? माणक्या काय सावत्र हाय?" दादांचा आवाज चढला. "जोडी हाय ती, भास्कर! आज सणाच्या दिवशी एकाला धुतलेली अन् एकाला तशीच? मान जोडीला हाय का एकट्या हरण्याला?"

"अहो दादा, इथं मशीनच बंद पडून राहिली, अन् तुमी..."

"ते मला सांगू नको. तुझ्या मायनं दोन्ही झुली एका जागी बसून शिवल्या. धुवायच्या तर दोन्ही धू, न्हाई तर एकबी नको!"

दादांनी स्वतः पेटी उघडली, माणक्याची झूल डोळ्यांना लावली आणि माझ्या हातात दिली. वाद घालायला माझ्या अंगावर आता कोरडा धागाही नव्हता. आतलं पाणी गेलं होतं, त्यामुळं दार उघडलं. घुंगरं काढून मी दुसरी झूल आत घातली आणि खंगाळायचं बटण दाबलं. बबनच्या टाकीचं पाणी आत आलं, दोन्ही झुली एकमेकींभोवती लोळल्या, पाणी निघून गेलं. पिळायची वेळ आली, तसा बबन पुन्हा मशीनला मिठी मारायला पुढं झाला. कांतानं परात डोक्यावर घेतली.

घुर्र. अर्धा वेढा. मग एक वेढा. मग दुसरा! धाडकन आवाज आलाच नाही. मशीन गरगरली, मग सणसणली, मग असा एकसुरी आवाज लागला की आतलं काही दिसेना, नुसतं तांबडं वर्तुळ!

"आठ!" बबन ओरडला. "अण्णा, आठ झाले!"

"सात!" कांता ओरडली. आम्ही सगळे आकडे मोजत होतो, फोनवर वैशूसुद्धा. शून्य झाल्यावर जो आरडाओरडा झाला, त्यानं हरण्यानं दावं तोडलं.

"बाबा, माझ्या लक्षातच नाही आलं!" वैशू सांगत होती. "एकच जड कपडा असला की तो ओला होऊन एका बाजूला पडतो. वजन बराबर होत नाही, म्हणून मशीन पिळतच नाही. दुसरा टाकला की तोल जमतो. आजोबांना कसं कळलं?"

"कळलं कशाचं! त्यांनी माणक्याची बाजू घेतली," मी म्हणालो.

दादा मात्र मशीनच्या वरच्या बाजूला हळदी-कुंकू लावत होते. "शहाणी हाय बिचारी," ते म्हणाले. "जोडी फोडलेली तिलाबी पटली न्हाई."

पत्र्यावर उन्हात दोन तासांत झुली वाळल्या. निखळलेल्या कवड्या कांतानं टाचून दिल्या. आणि काय सांगू तुम्हाला! मिरवणूक निघाली तेव्हा आरसे असे चमकत होते की तोरणाखाली उभ्या असलेल्या लोकांनी डोळ्यांवर हात धरले. झुलींना पावडरीचा गुलाबाचा वास येत होता. मागच्या जोडीतला बैल सारखा पुढं येऊन हरण्याची पाठ हुंगत होता. मंगलाष्टकं झाली, नारळ फुटला, हलग्या कडाडल्या. दादा दोन्ही बैलांच्या मधी उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आज तुझी माय पाहिजे होती," एवढंच म्हणाले. मलाही भरून आलं. त्या क्षणी सगळ्या गावात आमच्यासारखं कुणी नव्हतं, आणि मी छाती काढून हरण्याची वेसण धरून उभा होतो. शर्ट बदलायला सवड मिळाली नव्हती. लोकांना वाटलं, शिंगं रंगवताना तांबडा हिंगूळ सांडला असेल. मी नाही म्हणालो नाही.

बबननं तेव्हा मोबाईलवर फोटो काढला. दादांना तो इतका आवडला की ते स्वतः जीपनं कळमनुरीला गेले, स्टुडिओवाल्याकडून मोठा करून घेतला, चौकट बसवून आणली आणि समोरच्या खोलीत लावली. फोटोत हरण्या आहे, माणक्या आहे, मधी दादा आहेत. झुलींचा आरसान् आरसा मोजता येतो.

"अन् मी कुठंय?" मी विचारलं.

"तू लय खराब दिसत व्हतास," दादा म्हणाले. "त्याला म्हणलं, ह्यो तांबडा माणूस काढून टाक. त्यानं काढला. पण वेसण धरलेली व्हती, म्हणून हात ठेवावा लागला."

घरी पाहुणे आले की फोटोचं कौतुक करतात. मी त्यांना चौकटीच्या अगदी कडेला नेतो, तिथं मनगटापर्यंत तांबडा झालेला एक हात आहे, तो दाखवतो आणि सांगतो, यंत्रातलं घरात कुणाला कळतं ते बघा. हा हात माझा आहे.