कडेनं धर

अंधेरीच्या कार्टून स्टुडिओत शकु परब नेमकं करते काय, हे तिच्या बापाला, धोंडूला, काही केल्या उमजत नव्हतं. धोंडू मूळचा गिरणीतला साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. संप झाला, गिरणी गेली, आणि आता तो साकीनाक्याला एका कारखान्याच्या फाटकावर बसायचा. हात मात्र अजून साच्यावरच होते. कुठं सुटा दोरा दिसला की बोलता बोलता विणकरी गाठ मारून मोकळा!

"पारदर्शक कागदार रंग भरतस? ता तर बालवाडीतली पोरां करतत गो!" असं म्हणून त्यानं आपल्या कारखान्यात, पेनं भरायच्या खात्यात, तिच्यासाठी जागाही बघून ठेवली. सोमवारपासून यायचं. ते रंग, त्या मैत्रिणी, दुपारचा हशा, यातलं काहीच तिला सोडायचं नव्हतं.

"शनिवारी कार्टूनवाल्यांचा वर्षाचा सोहळा आहे. आमच्या फिल्मला बक्षीस मिळतंय," ती म्हणाली. "तुम्ही या, बघा, आणि मग काय ते ठरवा, बाबा."

धोंडू लग्नाकार्यात घालायचा कोट चढवून आला. पडद्यावर लाल फेटा बांधलेला कावळा नाचला आणि हॉल खो खो हसला.

"ह्यातला तू काय काढलंस?"

"चित्रं दुसरे काढतात. फेट्याचा लाल माझा. प्रत्येक सेलवर, म्हणजे त्या पारदर्शक कागदावर, मागच्या बाजूनं."

"सगळ्यांत सारखोच?"

"सारखाच. एकात जरी फिका पडला तरी पडद्यावर फेटा लुकलुकतो."

"हुं," धोंडू म्हणाला. चुकीचा एक धागा शिरला की अख्खा तागा बाद, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

मग स्टुडिओच्या मालकांनी सगळ्यांना स्टेजवर बोलावलं आणि बक्षिसाचा पितळी मोर कौतुकानं शकुच्या हातात दिला. आता एवढा घसघशीत मोर माणसानं कवेत घ्यावा की नाही? बाईसाहेबांनी तो धरला चोचीच्या आणि शेपटीच्या टोकाला, चिमटीत! मोर सटकला तो थेट प्रमुख पाहुण्यांच्या बुटावर. कावळ्याला हसले नव्हते एवढे लोक आता हसले. वाट लागली, शकुच्या मनात आलं. आता पेनंच भरायची.

बसस्टॉपवर तिला रडूच फुटलं.

"पडलो कसो गो तो?"

"सेलवर बोट लागलं की डाग पडतो, बाबा. म्हणून कडेनंच धरायचं असतं. आता हात आपोआप कडेलाच जातात. घरी ताटसुद्धा मी तसंच उचलते."

धोंडूनं तिच्या बोटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. कोटाच्या बाहीतून निघालेल्या दोऱ्याला त्या बोटांनी केव्हाच गाठ मारली होती. तो जो हसत सुटला तो बस येईपर्यंत हसतच होता. शकुला मात्र त्या हसण्याचा अर्थ लागेना.

रविवारी शेजारची विमला आली. ती त्याच पेनांच्या खात्यात होती. स्टुडिओच्या मालकांनी भेट दिलेला कावळ्याचा सेल टेबलावर होता, तो तिनं सरळ पंजात उचलला.

"मग धोंडूदा, उद्या शकुला घेऊन जाऊ ना कारखान्यात?"

धोंडू ताडकन उठला. "खयचो कारखानो? आधी ता कडेन धर गो! बोटां लागतली!"