तान्ह्या उंदरांचे जुलाब

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात मी नुकतीच संशोधनाला लागले होते. शेजारच्या वॉर्डात जुलाबानं सुकलेली बाळं यायची. त्यामागचा विषाणू आतड्यात नेमकं काय करतो, हे बाळांवर तपासणं शक्य नव्हतं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "उंदराच्या तान्ह्या पिल्लांना तसाच आजार होतो का, बघ."

बाळांच्या शौचातून गाळून काढलेलं पाणी मी बारीक नळीनं थेंबभर पिल्लांना पाजायची. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात पिल्लंच नसायची. आईनंच खाल्लेली. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मला रडू आलं.

प्राणिघर सांभाळणारे काका रामटेककडचे, शेतकरी घरातले. ते म्हणाले, "बाई, तिले काहून दोष देता? तुमच्या हाताले साबणाचा वास येते. तिले वाटते, हे लेकरू माहं नाही."

पुढच्या वेळी त्यांनी मला हात आधी मादीच्या पिंजऱ्यातल्या भुशात चोळायला लावले. मग पिल्लांना थेंब पाजून आत ठेवलं. मादीनं हुंगलं आणि एकेक पोटाखाली ओढून घेतलं. "घे वं माय, तुहंच आहे," काका पुटपुटले.

दोन दिवसांनी पिल्लं मागून पिवळी माखलेली दिसली. मी आनंदानं ओरडलेच, "काका, आजारी पडली!"

"लेकरं हागून राहिली अन् तुम्ही हासून राहिल्या?"

मी ओशाळले. खाली बसून त्यांना सगळं समजावलं. काही पिल्लं आतडं बघायला मारावी लागतील, तेही सांगितलं. ते म्हणाले, "मंग त्यांच्या मायले दुसऱ्या खोलीत नेतो. तिच्यासमोर नका करू."

तसंच केलं.

सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याचं अस्तर झिजलेलं दिसलं. बाकीची पिल्लं मात्र दूध पीतच राहिली आणि आठवड्याभरात सावरली. काकांनाही मी आतड्याचा काप ठेवलेली ती काच दाखवली. ते बराच वेळ डोळा लावून उभे होते.

"माह्या पोरीले असंच झालं होतं," ते म्हणाले. "पाणी पाजलं का लगेच बाहेर. घरचे म्हणे, पाणी बंद करा. आम्ही बंद केलं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "पाजत राहिलो असतो तं वाचली असती का, बाई?"

मला खोटं बोलवेना. "कदाचित, काका. पण तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि पिंजऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायला गेले.