उंबरठ्यावरचा हात

सकाळी फरशी नुकतीच पुसून झाली होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराजवळच्या उजेडात खुर्ची ओढून मटार सोलत होत्या. मी दुधावर एक डोळा ठेवून भाजी चिरत होते. एवढ्यात दार वाजलं.

दारात वरच्या मजल्यावरची पेन्सिल. हे नाव आम्ही ठेवलेलं. पोरगी अंगाने तशीच, शिवाय अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली.

"काकू, तुमची फरशी पुसायची काठी देता? आणि ती धरून जरा उभ्या राहता?"

"काठी ने. मी कशाला?"

"भाला धरायला."

मग उलगडा झाला. छापखान्यातली, चपलांच्या सेलची पत्रकं करण्याची नोकरी तिने सोडली होती, एवढं ठाऊक होतं. आता ती पत्त्यांच्या एका खेळासाठी चित्रं काढत होती. राजा-राणीचे पत्ते नव्हेत. यात जादूगार, राक्षस, उडते घोडे, आणि प्रत्येकाची आपापली शक्ती. हिच्या वाट्याला आली होती उंबरठ्याची राखणदारीण. ती दारात असली की शत्रूला आत पाऊल टाकता येत नाही.

"दोनदा परत आलं चित्र. म्हणतात, चिलखत छान, भाला छान, पण ही कुणाला अडवेलसं वाटत नाही. आता नाही जमलं तर काम दुसऱ्याला देणार."

तिचे वडील आधीच जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, लोक पत्ते कुटून वाया जातात, आमची लेक पत्ते काढून वाया चालली.

मी काठी धरून उभी राहिले. तिने चार रेघा मारल्या आणि हसू दाबलं.

"राखणदारीण कसली, ही तर बसची वाट बघतेय," आई म्हणाल्या.

"मग तुम्ही या ना आजी!"

आईंनी केस सारखे केले, काठी घेतली आणि लग्नाच्या फोटोत उभं राहावं तशा ताठ झाल्या. श्वासही घेईनात. पेन्सिलीने काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. शेवटी म्हणाली, "बसा आजी, दमलात." आवाज अगदी उतरलेला. आई परत मटारांकडे वळल्या.

तेवढ्यात आमचे हे फिरून आले. बुटांना हा चिखल! ते आत पाय टाकणार, तोच आईंचा हात आडवा झाला. मान वर नाही, तोंडातून शब्द नाही. एका हातात शेंग, दुसऱ्याचा पंजा दाराकडे उघडा. डोक्यावरचे केस पिकलेला माझा नवरा एक पाय हवेत ठेवून जागच्या जागी थांबला.

"आजी, हलू नका!" पेन्सिल ओरडली.

"मी कुठे हलतेय? हा हलला तर बघते."

"अगं पण माझा पाय..."

"काका, तुम्हीसुद्धा नाही!"

मागे दूध उतू गेलं. मीही बघतच उभी होते.

पत्ता तळहाताएवढा, त्यातही निम्म्या जागेत मजकूर. म्हणून चित्र संगणकाच्या पडद्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढं करून तपासायचं, ही तिची रीत. जुन्या चित्रात तेवढ्या आकारात भाल्याची दातकोरणी झाली होती. तिने आणून दाखवलेल्या नव्या चित्रात भाला भिंतीला टेकलेला, राखणदारीण निवांत बसलेली, आणि तिकिटाएवढ्या चित्रातही तो पंजा स्पष्ट. चेहरा आईंचाच.

"माझं नाक काही एवढं मोठं नाही," आई म्हणाल्या, आणि चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

काही दिवसांनी ती धावतच खाली आली. कंपनीला हात आवडला, बसणं आवडलं. फक्त म्हणे, बाईला तरुण करा.

"कर की," आई म्हणाल्या. "माझी कुठे ना आहे?"

पेन्सिल हसली नाही. "काका, एखाद्या तरुण मुलीने तसा हात केला असता, तर तुम्ही थांबला असतात?"

"छे! बूट घालूनच आत आलो असतो," ह्यांनी खरं ते सांगून टाकलं.

तिने आमच्याच टेबलाशी बसून उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी आम्हाला वाचून दाखवलं: "चिलखताचा रंग, दाराची नक्षी, भाला, तुम्ही सांगाल ते बदलून देते. माझी एकच विनंती आहे. तिच्या सुरकुत्या राहू द्या."