झाकलेलं मशीन

नागपुरातल्या आमच्या लष्करी डेपोच्या ऑफिसात कॉम्प्युटरचा चार्ज बारा वर्षं माझ्याकडे होता. कुठलं मशीन कुणाला द्यायचं, ते मी ठरवायची. आमच्याकडे जे वापरलं नाही ते जपलं, असा हिशोब. वार्षिक तपासणीला मी घरी शिवलेल्या खोळी घातलेले कॉम्प्युटर रांगेत दिसायचे आणि साहेब मान डोलवायचे.

मग काटोलहून बसने येणारी ती नवी मुलगी रुजू झाली. पंधरा दिवस ती प्रत्येक खोलीत जाऊन कुठलं मशीन चालू, कुठलं बंद, एवढंच वहीत लिहीत होती. मला वाटलं, रिकामटेकडी आहे.

एके दिवशी माझ्या टेबलाशी थांबली. "ताई, हे दुसरं मशीन काहून झाकून ठेवलं?"

"नवं हाय. खराब होईन म्हणून."

"पण तिकडे स्टोअरमध्ये तिघं जण एकाच मशीनवर काम करून राहिले ना!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती चुकीचं बोलत नव्हती, म्हणूनच.

मी आठ नव्या कॉम्प्युटरची मागणी साहेबांकडे पाठवली होती. तिने वही साहेबांपुढे केली. नऊ मशीन ऑफिसातच होती, खोळीत. त्यातली आठ हलवली की भागत होतं. मागणी रद्द झाली. साहेबांनी भर मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं आणि चार्जही तिलाच दिला. मी टाळ्या वाजवल्या. तिचं ते बेधडक बोलणं, डब्यातली संत्री सगळ्यांना वाटणं, सगळंच मला खुपत होतं. बारा वर्षांत मला कुणी असं उभं करून शाबासकी दिली नव्हती.

हलवायच्या मशीनच्या यादीत मी माझं शोधलं. तिथे तिने लिहिलं होतं, 'राखीव. ताईंकडेच असू द्यावं.' मला सांभाळून घेतलं होतं पोरीने. ते तर मला मुळीच सोसलं नाही.

तरातरा जागेवर आले आणि खोळ ओढून काढली. म्हटलं, आता रोज वापरते, मग बघू कोण काय लिहितं ते. बटण दाबलं. मशीनने पासवर्ड मागितला. मला तो आठवेना. आणि नवा पासवर्ड फक्त चार्जवालीनेच द्यायचा, हा नियम माझाच होता.

खोळ तशीच हातात घेऊन मी तिच्या टेबलाकडे गेले.