डोल्माला कोण जाणार

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या हॅरो उपनगरातल्या मराठी मंडळींना तिबेटची हौस आली. स्वित्झर्लंड झालं होतं, क्रूझ झाली होती. कैलासाला जाऊन आलेल्या माणसाला दिवाळीच्या कार्यक्रमात पुढची खुर्ची मिळते, हे दुसऱ्या एका मंडळात काहींनी पाहिलं होतं. तेवढ्यावर सहल ठरली. मठ पाहायचे, कैलासाभोवती चालायचं, सोबतीला एका ट्रेकिंग कंपनीचा इंग्रज गाइड.

पुढारीपण एका बँकेत काम करणाऱ्या गृहस्थांकडे गेलं. त्यांची पात्रता अशी, की ते एकदा बेन नेव्हिस हा स्कॉटलंडमधला डोंगर चढले होते. तेव्हापासून ते मेट्रोपॉलिटन लाइननं ऑफिसलाही गिर्यारोहकाचं जाकीट घालून जात. जाकिटाच्या कमरेशी एक कडी लटकायची, तिला काहीच अडकवलेलं नसायचं. ते स्वतःला टीम लीडर म्हणवत. बाकीचेही तसंच म्हणत, निम्मे चेष्टेनं. चेष्टा कुठली आणि मान कुठला, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिली मीटिंग चर्चच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये झाली. मंडळाच्या अंकासाठी वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडे असल्यानं मी हजर. टीम लीडरांनी पडद्यावर स्लाइड लावल्या आणि लोकांचे दोन गट पाडले. ट्रेक गटात चाळिशीतले पुरुष. मठ गटात बायका, वयस्कर माणसं आणि ज्यांच्या चपला पाहून लीडरांना शंका आली ते सगळे.

लीड्सहून एक जोडपं आलं होतं. काका हाडांचे निवृत्त डॉक्टर. काकू तिकडच्या शेजारणींबरोबर कित्येक वर्षं दर बुधवारी यॉर्कशरच्या टेकड्यांवर चालायला जात. त्यांनी हात वर केला.

"मला ट्रेक गटात घ्या."

"काकू, तुम्ही मठ गटात बऱ्या. तिथं बसायला मिळेल. कम्फर्टेबल."

"मला बसायचं नाहीये. बसायला लीड्समध्ये सोफा आहे."

लोक हसले. काका म्हणाले, "घ्या तिला मठातच. उगाच कुठं पाय मुरगळला तर मलाच बघावं लागेल." पुन्हा हशा झाला, आधीपेक्षा मोठा. तिबेटला जायचं हा हट्ट मुळात काकूंचा होता, हे हसणाऱ्यांना माहीत नव्हतं. काका सोबत म्हणून निघाले होते, आणि आता सहल त्यांच्या नावावर जमा झाली होती.

मग लीडर कार्यक्रम वाचू लागले. ट्रेक गट पहिल्या मठापासून कैलासाच्या पायथ्याच्या हिमनदीपर्यंत जाईल आणि परत फिरेल. हिमनदी हा शब्द त्यांनी ग्लेशियर असा, दोनदा उच्चारला. पडद्यावर पुढची ओळ इंग्रजीत होती, शेवटचे दोन शब्द डोल्मा आणि ला. लीडरांनी ती मराठीत आणली. "मठ गट त्या दिवशी डोल्माला जाईल आणि तिथून पुढच्या मठात मुक्काम."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्याला, नागपूरला, डोल्माला. तिथं चहा मिळेल का, असं मागून एकीनं विचारलं. मठ म्हटल्यावर चहा असणारच, असं लीडर म्हणाले. तिबेटी लोणीचहावर ते पाच मिनिटं बोलले. तो त्यांनी प्यायलेला नव्हता.

सरावाची चाल यॉर्कशरमध्ये ठेवली होती. हॅरोहून कोच निघाला, काका-काकू लीड्सला चढले. गाइड थेट टेकडीपाशी भेटला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, जुने बूट घातलेला माणूस. तो इतका सावकाश चालू लागला, की ट्रेक गटाला अपमान वाटला. लीडर त्याला मागे टाकून धावत सुटले, वळणावर जाऊन दगडावर बसले, गाइड जवळ आला की पुन्हा धावले. त्यांचे सहकारी त्यांच्यामागे तेच करत होते. काकू गाइडच्या शेजारून चालत होत्या आणि त्याच्याशी मेंढ्यांबद्दल बोलत होत्या. काका बऱ्याच खाली होते. मधूनमधून थांबून ते देखावा चांगला असल्याचं सांगत.

वर पोचल्यावर डबे उघडले. दशम्या, चटणी, चिवडा. मीटिंगमध्ये चहाची चौकशी करणारी ती चहावाली. तिनं गाइडला इंग्रजीत विचारलं, "डोल्मात टॉयलेट आहे का? निदान बायकांसाठी?"

गाइडनं दशमी खाली ठेवली. "तिथं दगड आहेत. आणि वारा."

"पण मठात तर असेल ना?"

"कुठला मठ? ती खिंड आहे. ला म्हणजे खिंड. सगळ्या वाटेवरची सर्वांत उंच जागा."

चिवडा चावायचे आवाज थांबले. मग स्लाऊहून आलेला एक सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "म्हणजे तो ला आपला नव्हता?"

लीडरांनी अर्धी दशमी तोंडात असताना सांगितलं, की आपण पहिल्यापासून खिंडच म्हणत होतो.

"अहो, तुम्ही चहा म्हणत होतात," चहावाली म्हणाली.

कार्यक्रमाचा अर्थ आता सर्वांना लागला. चाळिशीतले धावणारे पुरुष हिमनदी बघून माघारी येणार होते, आणि ज्यांना बसायला मिळणार होतं ती माणसं खिंड ओलांडणार होती. अनेकांनी तिथल्या तिथे मान्य केलं, की आपल्याला मठांपर्यंत नेणारी जीपच बरी. लीडरांनी मात्र दोन मिनिटांत गट बदलले. खिंडीला ट्रेक गट. मठ गट पहिल्या मठापासून परत. बेन नेव्हिसचा अनुभव कुठं लागतो, हे त्यांनी पुन्हा सांगितलं.

काकूंनी हातातला डबा बंद केला. "मला डोल्माला तुम्हीच घातलंत. भर सभेत. मी काही जागा सोडत नाही."

"काकू, तेव्हा मिसअंडरस्टँडिंग होतं. ही साधी गोष्ट नाही. ऑक्सिजन कमी असतो."

"तो तुम्हाला इथंच कमी पडतोय."

काका तेवढ्यात वर पोचले होते. श्वास पुरता जमायच्या आत ते बोलले, "तुला... दम लागेल."

यावर कुणी हसलं नाही, ही त्या मंडळींची मी पाहिलेली एकमेव सभ्यता.

लीडरांनी गाइडकडे दाद मागितली. गाइडला मराठी येत नव्हतं, पण तो सकाळपासून पाहत होता. त्यानं सांगितलं, की खिंडीला कोण येणार हे तो ठरवतो. बोलता बोलता चालता येईल, इतक्याच वेगानं सगळी वाट चालायची असते. धावून बसणारा माणूस तिथं पहिला आजारी पडतो आणि त्याला चौघांनी खाली आणावं लागतं. त्यानं काकूंकडे बोट केलं, मग सॉफ्टवेअरवाल्याकडे आणि चहावालीकडे. बाकीच्यांनी जीपनं मठ पाहावेत. मठही चांगले आहेत, असं तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं.

लीडर थोडा वेळ डब्याशी खेळत राहिले. मग वडीलधाऱ्यांना जीपमध्ये एकटं सोडणं आपल्याला पटत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. वडीलधाऱ्यांपैकी कुणी तशी मागणी केलेली नव्हती.

परतीच्या कोचमध्ये काका-काकू माझ्या पुढच्या सीटवर होते. गाइडनं काकूंना निवडलं असलं तरी गोष्ट संपली नव्हती. काकांनी नाही म्हटलं असतं, तर मंडळातल्या एकाही माणसानं काकूंची बाजू घेतली नसती.

"घरी बोलू," काका म्हणाले.

"घरी कशाला? इथंच बोला, अहो. सगळं इथंच तर ठरलं."

"तू तीन दिवस त्या डोंगरात. मी इकडे जीपमध्ये, परक्या लोकांत."

"परके कुठले? तुमच्याच विनोदाला हसतात ती माणसं."

आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, हे काकांनी पाहून घेतलं. मग हळू आवाजात त्यांनी खरं कारण काढलं. "माझ्या गोळ्या कोण देणार?"

"अहो, डॉक्टर तुम्ही आहात."

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. लीड्स आलं तरी ते नाही म्हणाले नाहीत. काकू जूनमध्ये गेल्या आणि खिंड ओलांडून आल्या. काका जीपनं गेले आणि गोळ्या स्वतःच्या हातानं घेतल्या.